अण्णाची गाडी शोरूमला की मिस्त्रीकडं?

अण्णाची गाडी म्हणजे कॅराव्हॅन, आत घर थाटलेली डिझेल गाडी. तिच्या सर्व्हिसिंगचं शोरूमचं एस्टिमेट त्यानं मॅनेजरच्या हातात दिलं आणि चहा यायच्या आतच सोलापुरातल्या पार्क चौकातल्या आमच्या कट्ट्यावर वाद पेटला.

मॅनेजर बँकेतनं निवृत्त झालाय, पण कागद दिसला की त्याचा हात अजून पेनाकडं जातो. चष्मा कपाळावर चढवून त्यानं एस्टिमेट वरपासनं खालपर्यंत वाचलं, जीएसटी नंबरसकट, आणि निकाल देऊन टाकला. "ए वन आहे. पार्ट नंबर आहेत, लेबर वेगळं दाखवलंय, जीएसटी अठरा टक्के. तुझ्या त्या होटगी रोडच्या मिस्त्रीनं असा कागद कधी दिलाय का बे?"

"मिस्त्रीनं कागद नाही दिला, गाडी दिली," अंबूदादा म्हणाला. "शोरूमनं गेल्या खेपेला कागद त्याच दिवशी दिला. गाडी कधी दिली विचार की अण्णाला."

अण्णा काही बोलला नाही. गेल्या खेपेचं सगळ्यांनाच माहीत आहे. वॉरंटी असताना अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा पार्ट, गेला, गाडी शोरूममध्ये पडून राहिली, आणि शेवटी उत्तर आलं की आत बेड-बेसिन-फ्रिज बसवताना बाहेरच्यांनी वायरिंगला हात लावलाय, म्हणून क्लेम बसत नाही. वहिनींनी गोकर्णसाठी केलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी शेवटी आम्हीच कट्ट्यावर खाल्ली. आता वॉरंटी संपलीय, दिवाळीनंतर हंपीला जायचं ठरलंय, आणि प्रश्न तिथंच आहे.

मॅनेजरचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, ते आधी लिहितो. बीएस-६ गाडी आहे, म्हणजे धुराच्या नव्या नियमातली, एप्रिल २०२० नंतरची. सेन्सरवर चालती. सॉफ्टवेअरचं अपडेट कंपनीकडंच असतं, एखादा पार्ट कंपनीनं परत बोलावला तर तो फुकट बदलून तिथंच मिळतो, आणि उद्या गाडी विकायला काढली तर सर्व्हिसचा रेकॉर्ड गिऱ्हाईक बघतो. एवढं बोलून तो थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्याला तिथली एसी वेटिंग रूम आठवली, मशीनची कॉफी आठवली, "गुड मॉर्निंग सर" म्हणणारा अॅडव्हायझर आठवला. "सिस्टीम असते रे तिथं, सिस्टीम!" असं तो तीनदा म्हणाला आणि तिसऱ्यांदा कट्ट्यावर हात आपटला. चहा सांडला, तो पिंट्याच्या पॅंटवर.

"सिस्टीमला विचारलास का, अण्णाची गाडी लिफ्टवर का चढली नाही ते?" अंबूदादानं विचारलं.

हे मात्र आम्हाला नवीन होतं. अण्णानं सांगितलं तेव्हा कळलं. टपावर एसी आहे, सोलरचं पॅनेल आहे, मागं शिडी आहे. गाडी वर उचलली तर टप शेडच्या लोखंडाला लागणार. म्हणून सर्व्हिसिंग झालं ते जमिनीवरच, पोऱ्या पाठीवर सरकून जेवढं दिसेल तेवढं बघून. आणि आतलं काहीच बघितलं नाही. 'वरचं आम्ही करत नाही साहेब, ते बाहेरचं काम आहे.'

"हेच म्हणतोय मी," अंबूदादा म्हणाला. "अण्णाकडं गाडी एक नाहीच, दोन आहेत. खाली गाडी, वर घर. शोरूम खालची बघणार आणि वरच्यामुळं खालचं बिघडलं म्हणून तुलाच दोषी धरणार. मग वरचं बघणारा कोण? ती दुसरी बॅटरी, तिची अल्टरनेटरवरनं आलेली वायर, त्या वायरला फ्यूज आहे का नाही, गॅसची नळी कधी बदलली, टपाच्या सांध्यातनं पाणी येतंय का, हे कुणाच्या जॉब कार्डात आहे? दाखव मला या कागदात."

मॅनेजरनं कागद पुन्हा वाचला. नव्हतं.

अंबूदादाबद्दल दोन शब्द लिहायलाच पाहिजेत. एमआयडीसीत टॉवेलचे लूम चालवले त्यानं, आता बंद आहेत. मशीनला कान लावून कुठलं बेअरिंग बोलतंय ते सांगणारा माणूस. त्याच्या बोलण्याला मी वजन देतो, कारण बंद पडलेल्या मशीनपुढं उभं राहून कामगारांचा आठवडा कसा काढायचा हे त्यानं भोगलंय. तो म्हणाला, "लूम अडला की कंपनीचा माणूस येईस्तोवर बसलो असतो तर टॉवेल कुणी विणले असते? पण माझा फिटर निघालेला पार्ट हातात द्यायचा. बघा मालक, हा इथं झिजलाय. तुझ्या शोरूमनं जुना पार्ट कधी दाखवलाय का?"

"लूम आणि बीएस-६ एक नव्हे बे."

"हो, लूमचं तुला कुठलं कळायला! कळलं असतं तर माझं लोन परत पाठवलं नसतंस."

झालं. दर महिन्याला एकदा हे निघतंच. अंबूदादाला रॅपियर लूम घ्यायचे होते, प्रोजेक्ट रिपोर्ट मॅनेजरच्या टेबलावर गेला आणि एका सहीसाठी परत आला. मॅनेजर म्हणतो रीजनल ऑफिसनं अडवलं. अंबूदादा म्हणतो तुझ्या ड्रॉवरनं अडवलं. दहा मिनिटं त्यातच गेली. साखर कारखान्याची चिमणी पाडली ते बरोबर की चूक हेही मधेच आलं, ते कसं आलं मला अजून कळलेलं नाही.

गाडी परत रुळावर आणली पिंट्यानं. अण्णाची गाडी समोरच उभी होती. पिंट्या उठला, मोबाईलची बॅटरी लावून मागच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि ओरडला, "अण्णा, इकडं या. तेहतीस वीस."

टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. ३३२० म्हणजे २०२० सालच्या तेहतिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी अजून भरपूर होती, नाणं बुडेल एवढी. पण पिंट्यानं बोटानं दाबलं तेव्हा बाजूच्या रबरावर केसासारख्या बारीक भेगा उघडल्या. चारही चाकांना तेच. आपल्याकडं उन्हाळ्यात चव्वेचाळीस डिग्रीला गाडी उघड्यावर उभी, आणि तीही भरलेली. टायर पळून नाही गेला, उभ्या उभ्या गेला.

"एस्टिमेटात टायर आहेत का?" मी विचारलं.

टायर नव्हते. इंजिन फ्लश होता, एसीचं डिसइन्फेक्शन होतं, अंडरबॉडी कोटिंग होतं. "कोटिंग?" अंबूदादा म्हणाला. "गाडी रत्नागिरीला बांधून ठेवलीय काय, गंज लागायला?"

माझ्या मते सगळ्या वादाचं मर्म इथं होतं. सर्व्हिसिंगचं वेळापत्रक पळणाऱ्या गाडीसाठी असतं. अण्णाची गाडी पळते कमी, उभी राहते जास्त, आणि उभी असतानाही लादलेली असते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, ते दोन वर्षांनी बदलायचं, किलोमीटर कितीही होऊ देत. मागचे पाटे, म्हणजे वजन पेलणारे स्प्रिंग, बसत जातात. पाण्याची टाकी, लाकडी कपाटं, दोन बॅटऱ्या, गॅसची टाकी, एवढं घेऊन ती बारमाही उभी असते. अंबूदादानं विचारलं, "अण्णा, काट्यावर कधी घातलीस का? मार्केट यार्डात कांद्याच्या ट्रकामागं उभी कर, किती भरतंय बघ. आरसीवर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त भरलं तर शोरूमही वाचवणार नाही आणि मिस्त्रीही."

अण्णानं कबूल केलं, कधी घातली नाही.

"पण तो पिवळा दिवा?" मॅनेजरनं आपला हुकमाचा पत्ता काढला. एक्झॉस्टच्या फिल्टरचा, डीपीएफचा दिवा अण्णाच्या गाडीत लागतोय हे खरं. "ते मिस्त्रीचं काम आहे का?"

"मिस्त्रीचं नाही, अण्णाचं आहे," पिंट्या म्हणाला. "अण्णा, गाडी फिरवता कुठं तुम्ही? घर ते नवी पेठ, नवी पेठ ते घर. आणि रात्री एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपता. फिल्टरमधली काजळी जळायला सहाशे डिग्रीच्या आसपास तापमान लागतं. ते नवी पेठेच्या ट्रॅफिकमध्ये कुठनं येणार?"

"आणि पाण्याचं सांग की," मी म्हणालो.

पाण्याचं सगळ्या गल्लीला माहीत आहे. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, म्हणून अण्णानं गाडीची टाकी घरासाठी भरायला सुरुवात केली. ज्या टाकीतनं हंपीत तोंड धुवायचं, तिच्यातनं वहिनी सोलापुरात भांडी घासतात. मध्यंतरी शेजारीही घागर घेऊन येत होते. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं तेव्हा अण्णा पेपर घेऊन कट्ट्यावर आला होता, "आता बघा!" म्हणत. आम्ही बघितलं ते टॅंकर.

हसून झाल्यावर अंबूदादा दिव्यावर आला, आणि हे सगळ्यांनी ऐकावं असं होतं. दिवा नुसता लागला असेल तर आधी पुणे हायवेला टेंभुर्णीपर्यंत गाडी एका चालीत नेऊन आणायची, पुष्कळदा काजळी जळून दिवा जातो. दिवा लुकलुकायला लागला किंवा पिकअप पडला तर मात्र स्कॅनर लावल्याशिवाय इलाज नाही, मग तो शोरूमचा असो नाहीतर चांगल्या गॅरेजमधला, सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना चालणारा. काजळी अर्धीमुर्धी जळत राहिली की डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून ऑइलची पट्टी बघताना ऑइल कमी झालंय का एवढंच बघायचं नाही, वाढलंय का तेही बघायचं. "वाढलं म्हणून खूश होणारे मी बघितलेत," तो म्हणाला.

"आणि कुठलाही मिस्त्री म्हणाला ना, फिल्टर काढून टाकू साहेब, ॲव्हरेज वाढंल, तर त्याच पावली गाडी फिरव. तो मिस्त्री नव्हे. ड्रममधलं एकच ऑइल सगळ्या गाड्यांना ओतणाराही मिस्त्री नव्हे. या फिल्टरला कमी राखेचं ऑइल लागतं. काजळी जळती, ऑइलची राख जळत नाही, ती तिथंच साचती. म्हणून सीलबंद कॅन समोर उघडायला लाव, रिकामा कॅन घरी घेऊन ये. आणि डिकीतला तो धूर साफ करायच्या युरियाचा कॅन काढ आधी. तीस डिग्रीच्या वर ठेवला की त्याचं आयुष्य कमी होत जातं, आणि तू तो मे महिनाभर उन्हात भाजलायस."

मॅनेजर यावर "बघा, मिस्त्रीचा धोका यानंच सांगितला" म्हणून उठला. अंबूदादा म्हणाला, "मी मिस्त्रीची जात नाही सांगत, माणूस सांगतोय. आणि तुझा धोकाही सांगतो. 'बाहेर नट जरी फिरवला तरी वॉरंटी गेली' असं सांगून लोकांना घाबरवतात. कॉम्पिटिशन कमिशननं ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना २५४४ कोटींचा दंड लावला, तो कशासाठी? बाहेरच्या गॅरेजला पार्ट आणि माहिती देत नाहीत म्हणून. त्याच आदेशात आहे, बाहेर काम केलं एवढ्यावरनं सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही. बाहेरच्या चुकीच्या कामानं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारता येती."

"कंपन्या अपिलात गेल्या त्याच्यावर."

"गेल्या की. दंडाचं त्यांचं ते बघतील. मी न्यायाचं बोललालोय. दुसऱ्या बॅटरीच्या वायरनं अल्टरनेटर गेला म्हणतात, तर दाखवा कसा गेला. लेखी द्या. अण्णानं मागितलं का लेखी?"

अण्णानं मागितलं नव्हतं. ग्राहक मंत्रालयाचं राइट टू रिपेअर पोर्टल डिसेंबर २०२२ पासनं आहे, गाड्याही त्यात येतात, हे पिंट्यानं सांगितलं. त्यावर अण्णा म्हणाला, "भांडायला नाही बे घेतली मी गाडी, फिरायला घेतली." त्याचा आवाज खरंच पडला होता आणि मला वाईट वाटलं. आयुष्यभर दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला माणूस साठीत पैसे घालून रस्त्यावर निघतो, आणि पहिला धडा त्याला वायरिंगवरनं शिकवला जातो, हे बरोबर नाही.

ठरलं ते असं. सॉफ्टवेअर आणि स्कॅनिंग शोरूमला, तेवढंच, फ्लश-कोटिंगवर काट मारून. ऑइल, ब्रेक, पाटे, टायर आणि वरचं सगळं घर होटगी रोडच्या मिस्त्रीकडं, कारण त्याच्याकडं खड्डा आहे, गाडी उचलावी लागत नाही, तो खाली उतरून बघतो. पण या वेळी मिस्त्रीकडनंही बिल घ्यायचं, तारीख आणि किलोमीटर घालून. ही अट मॅनेजरची, आणि ती मान्य झाली. "फाईल मी करतो," तो म्हणाला. "पंचिंग मशीन आहे माझ्याकडं."

"फाईल कर, ड्रॉवरात नको ठेवू," अंबूदादा म्हणाला.

मॅनेजर उत्तर द्यायला तोंड उघडतो तोच अण्णाचा फोन वाजला. वहिनी. आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. नळाला पाणी आलंय, गाडी घेऊन या लवकर, अर्ध्या तासात जाईल. अण्णा उठला. मॅनेजरची गल्ली तीच, तोही उठला.

"साहेब, सर्व्हिसिंगचा शिक्का नाही बे त्या गाडीला, दिवा पण लागलाय," पिंट्या ओरडला.

मॅनेजर तोवर पुढच्या सीटवर बसून बेल्ट लावून मोकळा झाला होता.