‘क्रॉप बॉडीवरही २४-७०च घ्या’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

लग्नसराई जवळ आली की फोटोग्राफीच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. नव्याने ऑर्डरी घेणाऱ्यांना त्यात सल्ले दिलेले असतात. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येणारी लेन्स, आधी विकून टाका. छोट्या सेन्सरची (क्रॉप) बॉडी असली तरी फुल फ्रेमची, म्हणजे मोठ्या सेन्सरसाठी बनवलेली, २४-७० एमएम एफ २.८च घ्या (एफचा आकडा जितका लहान तितका जास्त उजेड आत येतो), कारण फुल फ्रेमच्या लेन्सला क्रॉप फॅक्टर, म्हणजे छोट्या सेन्सरमुळे फोकल लेंग्थला गुणायचा आकडा, लागत नाही. छोट्या सेन्सरसाठी बनवलेल्या १७-५० किंवा १७-५५ एफ २.८ लेन्स घेऊ नका, त्यांचं २.८ हे खरं २.८ नसतं. लेन्सला स्टॅबिलायझेशन असलं की कमी उजेडात हलणारी माणसंही स्पष्ट येतात. निकॉनचा माउंट (बॉडीवर लेन्स बसते तो सांधा) १९५९पासून तोच आहे, त्यामुळे कुठलीही जुनी लेन्स नव्या बॉडीवर चालते. सेकंड हँड लेन्समध्ये थोडी बुरशी असली तर घाबरू नका, फोटोत ती दिसत नाही. आणि शेवटी, सगळ्या नव्या फोटोग्राफरांपर्यंत हे पोचवा.

या वेळी तो माझ्या भाच्यापर्यंत पोचला. त्याच्याकडे निकॉन डी५६०० ही छोट्या सेन्सरची बॉडी आणि तिच्याबरोबर आलेली १८-५५ आहे. नात्यातले साखरपुडे, बारशी काढता काढता त्याला लग्नाची पहिली ऑर्डर मिळाली. मेसेज वाचून तो थेट निकॉनची २४-७० हप्त्यांवर घ्यायला निघाला. अजून एकही लग्न न काढलेल्या मुलाच्या डोक्यावर लाखाच्या वरचं कर्ज! ते थांबवताना जे जे त्याला समजावलं, ते इथे सगळ्यांसाठी लिहिते आहे, कारण हा मेसेज त्याच्यासारख्या कित्येक पोरांच्या फोनमध्ये आत्ता पडून असणार.

आधी क्रॉप फॅक्टर. सगळं नुकसान तिथूनच सुरू होतं.

लेन्सवर एमएममध्ये लिहिलेली फोकल लेंग्थ (आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद) हा त्या लेन्सचा स्वतःचा गुण आहे. मागे कुठला सेन्सर बसलाय यावर ती बदलत नाही. २४ एमएम म्हणजे २४ एमएम, मग लेन्स डीएक्स (निकॉनची छोट्या सेन्सरसाठीची) असो की फुल फ्रेम. छोटा सेन्सर लेन्सने पाडलेल्या प्रतिमेचा फक्त मधला भाग टिपतो, म्हणून चौकटीत कमी मावतं. हे दोन्ही जातींच्या लेन्सना अगदी सारखं लागू आहे. ‘डीएक्स लेन्सचा आकडा गुणायचा, फुल फ्रेम लेन्सचा तसाच धरायचा’ हा नियम कुणी काढला कोण जाणे, पण इतक्या ठामपणे इतकं चुकीचं लिहिलेलं मी क्वचितच वाचलं आहे.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. डी५६००चं मॅन्युअल निकॉनने लिहिलंय, ते उघडा. ३५ एमएम कॅमेऱ्याची चौकट ३६ × २४ मिलिमीटर, डी५६००ची २३.५ × १५.६ मिलिमीटर, म्हणून लेन्सच्या फोकल लेंग्थला साधारण १.५ने गुणा, असं त्यात सरळ दिलंय. ‘लेन्स डीएक्स असेल तरच’ अशी अट त्यात कुठेही नाही. तरीही खात्री हवी असेल तर किट लेन्स ३५वर ठेवा, कुणाची तरी फुल फ्रेमची लेन्स मागून घ्या, तीही ३५वर ठेवा आणि ट्रायपॉडवरून त्याच भिंतीचा फोटो काढा. बारीकसारीक फरक सोडला तर दोन्हींत तेवढीच भिंत येते. पाच मिनिटांचं काम आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकानेही ते केलेलं दिसत नाही.

आता याचा लग्नाच्या हॉलमध्ये अर्थ काय? तीन मीटरवर उभं राहून फोटो काढताय असं धरा. फुल फ्रेम बॉडीवर २४ एमएमला साडेचार मीटर रुंदी चौकटीत येते. तीच लेन्स डी५६००वर लावली की तीन मीटरही येत नाही. १७ एमएमला मात्र चार मीटरच्या थोडं वर मिळतं, आणि मेसेजने विकायला लावलेल्या किट लेन्सच्या १८ एमएमला जवळजवळ पावणेचार ते चार मीटर. म्हणजे लाखाच्या वर मोजून भाच्याच्या हातात अशी लेन्स येणार होती जिच्यात त्याच्या किट लेन्सपेक्षा कमी माणसं मावतात.

मंगलाष्टका चालू असताना उभं राहिलेल्यांना ही अडचण वेगळी सांगायला नको. अंतरपाट धरलेला, दोन्हीकडे मामा, मागे करवल्या, बाजूला भटजी, आणि आपल्या पाठीला व्हिडिओवाला चिकटलेला. मागे सरकायला जागा नसते. हळद घरच्या घरी असेल, फ्लॅटच्या हॉलमध्ये, तर तीन मीटरही मिळत नाहीत. अशा वेळी रुंद बाजूच हवी असते, आणि क्रॉप बॉडीवर २४-७० नेमकी तीच काढून घेते. लांबची बाजू १०५सारखी होते, एकट्या चेहऱ्यासाठी ती छान आहे, हे खरं. पण ज्याच्याकडे एकच झूम असणार त्याने रुंदी देऊन ती लांबी घ्यायची, हा सौदा लग्नाच्या कामाला परवडणारा नाही.

‘उद्या फुल फ्रेम घेशील तेव्हा उपयोगी पडेल’ असं यावर सांगितलं जातं. फुल फ्रेम बॉडी घ्यायचं नक्की असेल, पैसे बाजूला काढलेले असतील, तर जरूर घ्या. पण २०१८मध्ये निकॉन आणि कॅनन दोघांनी फुल फ्रेम मिररलेससाठी, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी, नवा माउंट आणला, तेव्हापासून त्यांच्या नव्या लेन्सही तिकडेच जाऊ लागल्या. ‘उद्या’ या शब्दावर आज डीएसएलआरची, म्हणजे आरसावाल्या कॅमेऱ्याची, इतकी महाग झूम घेणं शहाणपणाचं नाही. वजनाचंही बघा. व्हीआर (निकॉनचं स्टॅबिलायझेशन) असलेली निकॉनची २४-७० १०७० ग्रॅमची आहे, डी५६०० बॅटरी आणि कार्ड धरून ४६५. सकाळच्या देवकापासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत ही जोडी हातात धरायची असते.

दुसरा दावा, छोट्या सेन्सरच्या लेन्सचं २.८ खरं नसतं म्हणे. एकाच मेसेजमध्ये एका लेन्सला क्रॉप लागत नाही आणि दुसरीचं ॲपर्चरसुद्धा, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्रही, क्रॉप खाऊन टाकतो, हे दोन्ही लिहिलंय, आणि वाचणाऱ्याला ते खटकत नाही याचं मला वाईट वाटतं. एफ २.८ हे फोकल लेंग्थ आणि छिद्राच्या व्यासाचं प्रमाण आहे. त्याच उजेडात, त्याच आयएसओला (सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या आकड्याला), एफ २.८ला जो शटर स्पीड फुल फ्रेमवर येतो तोच छोट्या सेन्सरवर येतो.

यात अर्धं सत्य आहे, आणि ते मान्य करावं लागतं. चौकट तेवढीच ठेवली तर छोट्या सेन्सरवर मागची पार्श्वभूमी कमी धूसर होते, फुल फ्रेमच्या साधारण एफ ४.२ इतकी. त्याच आयएसओला छोट्या सेन्सरचा फोटो थोडा जास्त दाणेदारही येतो. पण हे बॉडीमुळे होतं. २४-७० लावली तरी तेच होणार. आणि ५० एमएमला, दोन मीटरवर, एफ २.८ला फोकसमध्ये राहणारी खोली वीतभरही नसते. नवरा पुढे आणि नवरी अर्धं पाऊल मागे असली तर एकीचा चेहरा हलका धूसर होतो. यापेक्षा कमी खोली कुठल्या नव्या माणसाला हवी आहे?

किट लेन्सबद्दल थोडक्यात. तिचं रुंद टोक एफ ३.५चं आहे. २.८च्या तुलनेत तिथे दोन तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) फरक पडतो, आयएसओ थोडा वाढवला की भरून निघतो. लांबचं टोक ५.६चं आहे, तिथे फरक पूर्ण दोन स्टॉपचा, म्हणजे चौपट उजेडाचा. किट लेन्सला आयएसओ ३२००वर सेकंदाचा साठावा भाग मिळत असेल तर २.८ला अडीचशेवा भाग मिळतो. फास्ट, म्हणजे २.८सारख्या मोठ्या ॲपर्चरच्या, झूमचे पैसे इथे वसूल होतात, स्टेजवरच्या चेहऱ्यांना आणि वरातीतल्या नाचाला. म्हणून फास्ट झूम घ्याच, मीही भाच्याला तेच सांगितलं. पण छोट्या सेन्सरसाठी बनलेली घ्या. टॅमरॉनची १७-५० किंवा सिग्माची १७-५०, दोन्ही एफ २.८, सेकंड हँड बाजारात २४-७०च्या किमतीच्या अगदी लहानशा हिश्श्यात मिळतात. निकॉनची स्वतःची १७-५५ दणकट आहे, पण तिला व्हीआर नाही आणि वजन ७५५ ग्रॅम. उरलेल्या पैशांत आधी एक फ्लॅश आणि मग डीएक्सची ३५ एफ १.८ घ्या. पांढऱ्या छतावर उडवलेला फ्लॅश हॉलमध्ये जे करतो ते कुठलीही २.८ लेन्स करत नाही.

स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर भरून काढतं. समोरचा माणूस हलला तर तो हललेलाच येणार. अक्षता पडत असताना सेकंदाच्या पंधराव्या भागाला खांब शार्प येतील, माणसं नाहीत. एवढंच.

१९५९चं मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण यात फसलेल्यांना पैसे परत मिळत नाहीत. निकॉनचा एफ माउंट १९५९चा आहे, बरोबर. जुनी लेन्स बॉडीवर बसते, हेही बहुतेक वेळा बरोबर. पण बसणं वेगळं आणि ऑटोफोकस चालणं वेगळं. जुन्या ऑटोफोकस लेन्समध्ये मोटर नसायची, बॉडीतली मोटर एका दांड्याने लेन्स फिरवायची. डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडींमध्ये, म्हणजे डी५६००मध्येही, ही मोटर नाही. ज्या मॅन्युअलने क्रॉप फॅक्टरचा निकाल लावला त्याच मॅन्युअलमध्ये हेही आहे. ऑटोफोकससाठी लेन्समध्येच मोटर हवी, निकॉनच्या भाषेत एएफ-एस किंवा एएफ-पी.

आता टॅमरॉनची १७-५० बघा. निकॉनसाठी तिच्या सुरुवातीच्या प्रती बिनमोटरच्या होत्या. मोटर असलेल्या प्रती नंतर आल्या, आणि त्यानंतर २००९मध्ये स्टॅबिलायझेशनवाली. तिन्ही बाजारात एकाच नावाने विकल्या जातात, आणि बिनमोटरची सगळ्यात स्वस्त असते. नेमकी तीच डी५६००वाल्याच्या गळ्यात पडते. मग ऐन मंगलाष्टकांत हाताने रिंग फिरवत बसायचं. ओळखायचं कसं? लेन्सच्या मागच्या धातूच्या कड्यावर स्क्रूच्या माथ्यासारखी खाच असलेला बारीक दांडा दिसला की ती बॉडीच्या मोटरवर चालणारी लेन्स. सिग्माच्या १७-५०ला हा प्रश्न येत नाही, तिची मोटर आतच आहे.

बुरशीचा सल्ला वाचून तर माझा संताप झाला. थोडी बुरशी फोटोत दिसत नाही हे आजच्या फोटोपुरतं खरं असतं. पण ती वाढते. आपल्याकडे पावसाळ्यात, कोकणात आणि गोव्यात तर विशेषच, बंद कॅमेरा बॅगेत दमट हवा कोंडून राहते आणि बुरशीला तेवढंच हवं असतं. ती भिंगावरचा लेप खाते. नंतर साफ केली तरी लेपावरचे डाग जात नाहीत. समोरून दिवा आला की फोटोवर पांढरट पडदा येतो, आणि लग्नाच्या स्टेजवर समोरून दिवे येतातच. झूम लेन्स उघडून साफ करून पुन्हा नीट जुळवणं हे खर्चिक काम आहे. कधी कधी तो खर्च लेन्सच्या किमतीच्या आसपास जातो.

त्यामुळे लेन्स घ्यायला जाताना टॉर्च न्या. निकॉन माउंटच्या, ॲपर्चर रिंग नसलेल्या लेन्सचं ॲपर्चर बॉडीवरून काढल्यावर बहुतेक वेळा मिटलेलं असतं. त्या अवस्थेत आतली भिंगं नीट दिसत नाहीत आणि विकणारा ‘बघा, स्वच्छ आहे’ म्हणून मोकळा होतो. मागची छोटी पट्टी बोटाने सरकवून ॲपर्चरची पाती उघडा, मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर उठा. किंमत कितीही पाडून दिली तरी उठा.

आणि स्वतःची बॉडी बरोबर न्यायची. दुसऱ्या कंपनीची लेन्स लावल्याने कॅमेरा खराब होतो, अशी पुरवणी कुणीतरी मेसेजला जोडलेली आहे, तिला काही आधार नाही. खरी अडचण फोकसची असते. काही प्रती ठरावीक बॉडीवर थोड्या पुढे किंवा मागे फोकस करतात, आणि डी५६००मध्ये ते दुरुस्त करायची सोय नाही, ती डी७०००सारख्या वरच्या बॉडींमध्ये आहे. तेव्हा ५० एमएम, एफ २.८, दोन मीटरवर छापील कागद, एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून आणि एक लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून. पडद्यावर पूर्ण मोठा करून बघा. लाइव्ह व्ह्यूचा शार्प आणि व्ह्यूफाइंडरचा पुन्हा पुन्हा मऊ येत असेल तर ती प्रत तुमच्या बॉडीसाठी नाही. दुसरी बघा. भाच्याने पाहिलेली पहिली सिग्मा अशीच निघाली. आता तो दुसरी बघायला जाणार आहे, टॉर्च घेऊन.