ही चाल कुणाची?

काल संध्याकाळी माझ्या बॅन्जोची (आपल्याकडचा कळांचा बॅन्जो नव्हे, हा गिटारसारखा मांडीवर धरून वाजवायचा) पाचवी तार तुटली. तुटली म्हणजे मीच तोडली. आमच्या गोलातली मंडळी तासभर 'जी' पट्टीत वाजवत होती, मग कुणीतरी म्हणालं, चला, आता 'ए'. ए म्हटलं की बॅन्जोवाल्यांनी दुसऱ्या पडद्यावर केपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा आणि पाचवी तार, जी दांडीच्या मध्यातूनच कुठूनतरी सुरू होते, ती एक स्वर वर न्यायची. शहाणी माणसं ती तार दांडीत ठोकलेल्या बारीक खिळ्याखाली अडकवतात. (हे खिळे खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांचे असतात. थट्टा नाही, खरंच तेच वापरतात.) माझ्या बॅन्जोला खिळे नाहीत. मी खुंटी पिळत बसले आणि टण्.

कुणी थांबलं नाही. शेजारच्या सत्तरीच्या बाईंनी नजर फिडलवाल्यावरून न हलवता पायाजवळच्या पेटीतून तारेचं वेटोळं काढून माझ्या मांडीवर टाकलं आणि पुढची आवर्तनं चालू. मी तार ओवली, लावली, स्वरात आणली, तरी चाल तीच. शेवटी फिडलवाल्याने एक पाय वर उचलला. पाय वर गेला की समजायचं, हे शेवटचं आवर्तन.

नॉर्थ कॅरोलिनात येऊन मला अकरा वर्षं झाली, त्यातली चार या नादात गेली. मी बॅन्जो शिकते म्हटलं की आपली माणसं विचारतात, "कंट्री म्युझिक का गं?" नाही. मग अमेरिकन सहकारी विचारतात, "ब्लूग्रास?" तेही नाही. ब्लूग्रास १९४०च्या दशकात बिल मन्रोच्या वाद्यवृंदातून आकाराला आलं. ते मंचावरचं संगीत आहे. एकाने पुढे यायचं, आपली करामत दाखवायची, टाळी घ्यायची, मागे जायचं. मी शिकते त्याला इथे 'ओल्ड-टाइम' म्हणतात. फिडल (म्हणजे आपलं व्हायोलिनच), बॅन्जो, गिटार, एखादा उभा बास. सगळे मिळून एकच चाल वाजवतात. चालीचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, आणि हे सगळं दहा-पंधरा वेळा. खुर्च्या गोलात, तोंडं आत. मागे कुणी ऐकायला उभं असेल तर त्याला आमच्या पाठी दिसतात.

माझ्या डोक्यात हे असं बसलं आहे: ब्लूग्रास म्हणजे मैफल, ओल्ड-टाइम म्हणजे भजन. कोल्हापुरात आमच्या गल्लीत शनिवारी भजनी मंडळ बसायचं. तिथे टाळ वाजवणाऱ्याला कुणी कधी "वा!" म्हटल्याचं मला आठवत नाही. पहिल्यांदा मी या गोलात बसले तेव्हा चाल संपल्यावर जोरात टाळ्या वाजवल्या. एकटीनेच. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अभंग संपल्यावर 'वन्स मोअर' ओरडले होते.

पण मला लिहायचं आहे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल.

या गोलात चाल संपली आणि नवख्याने विचारलं, ही कुठली, की उत्तरात चालीच्या नावाबरोबर माणसाचं नाव येतं. मी ही अमक्याकडून घेतली, त्याने तमक्याकडून, तो अमुक खोऱ्यातला. निम्म्या वेळा हा पाढा चालीइतकाच लांबतो. सुरुवातीला मला कंटाळा यायचा. मग लक्षात आलं की हे आपल्याकडचं कानाला हात लावणंच आहे, फक्त हात कानाला जात नाही.

त्यात हमखास येणारं नाव टॉमी जॅरलचं. १९०१चा जन्म, व्हर्जिनियाच्या हद्दीलगत माउंट एरीजवळच्या टोस्ट नावाच्या गावात राहायचा. आयुष्यभर राज्याच्या रस्ते खात्यात ग्रेडर चालवला. चाली बापाकडून आल्या. बाप, बेन जॅरल, १९२७ साली एका वाद्यवृंदाबरोबर रेकॉर्डवर वाजवून आलेला. टॉमी निवृत्त झाला आणि सत्तरच्या दशकात देशभरातली लांब केसांची पोरं त्याच्या दारात येऊन बसायला लागली. त्याने त्यांना जेवायला घातलं, झोपायला जागा दिली आणि वाजवून दाखवलं. १९८२मध्ये सरकारने पारंपरिक कलाकारांसाठी राष्ट्रीय सन्मान सुरू केला, त्या पहिल्याच यादीत त्याचं नाव होतं. १९८५ साली तो गेला. त्याचं एक फिडल स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, पण त्याची गज ओढायची लकब काल संध्याकाळी डरहॅममधल्या एका बिअरच्या दुकानामागच्या खोलीत होती. मी शपथेवर सांगते.

आता याच पाढ्यातली न घेतली जाणारी नावं.

बॅन्जो आफ्रिकेतून आला. सेनेगल-गांबियाच्या भागातल्या जोला लोकांचं अकोंटिंग नावाचं वाद्य आहे. भोपळा, त्यावर चामडं, लांब दांडी, तीन तारा. त्यातली एक आखूड, ती अंगठ्याने छेडायची, आणि बाकीच्या तारांवर नखाची मागची बाजू वरून खाली मारायची. मी शिकते त्या क्लॉहॅमर पद्धतीत नेमकं हेच करतात. हाताचा पंजा आकड्यासारखा वाकडा ठेवायचा, नख खाली आपटायचं, आणि अंगठा परतताना त्या पाचव्या तारेवरून निसटतो. ती तार चाल वाजवत नाही, एकच सूर धरून बसते. गोंधळात संबळाच्या जोडीला तुणतुणं असतं ना, तसं. गुलाम करून आणलेल्या माणसांनी ही वाद्यं इथे पुन्हा घडवली. गोऱ्यांच्या फिडलशी त्यांची गाठ पडली आणि फिडलही त्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वाजवलं. मालकांच्या घरच्या नाचाला फिडल वाजवणारा बहुतेक वेळा गुलामच असायचा. ओल्ड-टाइमचा पाया हा.

मग हे संगीत पांढरं कसं झालं? बऱ्याच अंशी दुकानदारीने. १९२३मध्ये रेकॉर्ड कंपनीचा राल्फ पीअर अटलांटात गेला आणि फिडलिन जॉन कार्सन या गोऱ्या फिडलवाल्याची रेकॉर्ड केली. ती खपली. कंपन्यांना कळलं की खेड्यातल्या लोकांना खेड्यातलंच संगीत विकता येतं. त्यांनी माल दोन फडताळांत लावला: काळ्या गिऱ्हाइकांसाठी 'रेस रेकॉर्ड्‌स', गोऱ्या खेडुतांसाठी 'हिलबिली'. काळ्या कलाकाराने ब्लूज गायचं आणि फिडल गोऱ्याने वाजवायचं, असं ठरून गेलं. काळ्या फिडलवाल्यांच्या रेकॉर्ड झाल्याच फार थोड्या. पन्नास वर्षांनी जुन्या रेकॉर्डवरून शिकणाऱ्या पोरांना वाटलं, असं कुणी नव्हतंच.

होतं. माझ्या घरापासून तासाभरापेक्षाही कमी अंतरावर, मेबनमध्ये होतं. जो थॉम्पसन, १९१८चा जन्म. फर्निचरच्या कारखान्यात नोकरी केली, मक्याची कणसं सोलायला जमलेल्या शेजाऱ्यांच्या नाचाला वाजवलं. चुलतभाऊ ओडेल बॅन्जोवर. वडील-काकांकडून आलेल्या चाली. ओडेल १९९४मध्ये गेला, जो उरला.

२००५च्या एप्रिलमध्ये इथल्याच डोंगरातल्या बून गावी, विद्यापीठात, काळ्या बॅन्जोवाल्यांचा मेळावा भरला. तिथे रिआनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन ही तिघं भेटली. पुढे ती दर गुरुवारी मेबनला जोच्या घरी जायला लागली. तो नव्वदीकडे झुकलेला. शिकवणी वगैरे नाही, तो वाजवायचा आणि ती मागून वाजवायची. त्यातून कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स हा त्यांचा वाद्यवृंद उभा राहिला. २०१०च्या त्यांच्या अल्बमला पारंपरिक लोकसंगीताचं ग्रॅमी मिळालं. जो २०१२ साली गेला, पण त्याआधी ती तिघं मंचामंचावर त्याचं नाव घेत फिरली होती. गिडन्सला पुढे ऑपेरासाठी पुलित्झर मिळालं, २०२४मध्ये बियॉन्सेच्या गाजलेल्या गाण्यात बॅन्जो तिचाच होता, आणि २०२५च्या एप्रिलमध्ये तिने डरहॅममध्ये महोत्सव भरवला. पण मला विचाराल तर तिचं सगळ्यात मोठं काम ते गुरुवार.

यावर कुरकुरणारे आहेत. माउंट एरीला दर जूनच्या पहिल्या आठवड्याअखेरीस फिडलवाल्यांचं संमेलन असतं. मंचावर स्पर्धा चालते, पण खरी मजा तंबूंच्या मध्ये. तिथे मागच्या वर्षी एका गृहस्थांनी मला चांगलं समजावलं, की संगीतात कशाला हा काळा-गोरा आणायचा, सुंदर चाल आहे, वाजवावी. माणूस प्रेमळ. मला त्याने स्वतःच्या थर्मासमधली कॉफी पाजली होती. पण मी सगळीकडे नजर फिरवली तर शेकडो माणसांत काळे चेहरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि भारतीय मी एकटी. ज्या संगीतात प्रत्येक चालीला आजोबा-पणजोबा सांगतात, तिथे काही आजोबांची नावं आली की एकदम 'संगीत बघा हो फक्त'? मग टॉमीचं तरी नाव कशाला घेता? घ्यायची तर सगळी घ्या.

आणि आपणही काही साळसूद नाही. आपल्याकडे शब्दांना नाव चिकटवून ठेवायची सोय फार जुनी: तुका म्हणे, नामा म्हणे, शाहीरही शेवटच्या कडव्यात स्वतःला ओवून ठेवतो. पण ज्याने चाल बांधली, जिने ती चाळीस वर्षं तमाशाच्या कनातीत गायली, त्यांचं काय? रील उघडा, लावणीखाली लिहिलेलं असतं: 'संगीत: पारंपरिक'. हा शब्द माझ्या डोक्यात जातो. परंपरेला गळा नसतो. कुणीतरी बाई असते, तिचं गाव असतं, तिचा ढोलकीवाला असतो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आम्ही दर वर्षी 'लोकधारा' हा लोकसंगीताचा कार्यक्रम करतो. निवेदकाचं नाव, प्रायोजकाचं नाव, साडी-दागिन्यांच्या दुकानाचं नाव तीनदा. गोंधळाची चाल कुठल्या गोंधळ्याकडून आली, हे विचारलं तर उत्तर, "यूट्यूब".

आजचे ओल्ड-टाइम वाजवणारे श्रीमंत होत नाहीत, हेही सांगून टाकते. स्क्वेअर डान्सला वाजवतात, उन्हाळी शिबिरांत शिकवतात, बरेच जण दिवसा दुसरी नोकरी करतात. पण कार्यक्रमात दोन चालींच्या मध्ये ते वेळ काढून नावं सांगतात. काही जुन्या गाण्यांचे शब्द इतके ओंगळ आहेत की ते गात नाहीत, नुसती चाल वाजवतात, आणि का ते सांगतात. यावर कुणी 'भाषण पुरे' म्हणतं. मला त्या भाषणात चाल जास्त नीट ऐकू येते.

तर काल. तार बदलून झाली, दोन चाली झाल्या, आणि त्या सत्तरीच्या बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, आता तू काढ. चार वर्षांत पहिल्यांदा. मी मला येणारी एकुलती एक 'ए'मधली चाल काढली. पहिल्या आवर्तनाला थरथर, तिसऱ्याला फिडलवाल्याने पकडली, सहाव्याला सगळा गोल आत. पाय वर करायचा विसरले, म्हणून ती बहुधा वीस वेळा झाली.

संपल्यावर त्यांनी विचारलं, छान आहे, कुणाकडून घेतलीस?

आणि मी गप्प.

माउंट एरीला घेतली होती. रात्री अकरानंतर, फिरत्या संडासांच्या रांगेमागे, एका माणसाच्या शेजारी दोन तास बसून. त्याने पुन्हा पुन्हा सावकाश वाजवून दाखवली होती. मी मोबाइलवर रेकॉर्ड केली, आभार मानले, आणि नाव विचारलं नाही.

जूनमध्ये परत जाते आहे. उंच, फिकट निळी टोपी, डावखुरा नाही, बॅन्जोच्या चामड्यावर कॉफीचा मोठा डाग. कुणाला माहीत असेल तर कळवा.