सभागृह वेगळे, नाट्यगृह वेगळे

नागपुरातील जुन्या-नव्या रंगमंदिरांचा आढावा घेणाऱ्या लेखात लेखकाने ‘शहरात आता सभागृहांची वानवा उरलेली नाही’ असे म्हटले आहे, ते मला पूर्णपणे मान्य नाही. रेशीमबागेतील कविवर्य सुरेश भट सभागृह २०१७ मध्ये खुले झाले आणि सुमारे दोन हजार आसनांमुळे मोठ्या समारंभांची सोय झाली, हे खरेच आहे. परंतु एवढ्या विस्तीर्ण दालनात नटाने हलक्या आवाजात टाकलेले वाक्य ध्वनिक्षेपकाच्या कृपेशिवाय मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. विदर्भ साहित्य संघाच्या धनवटे रंगमंदिराची आठवण जुनी मंडळी आजही हळहळून काढतात (आमच्या घरी तर जेवताना), त्यामागे केवळ स्मरणरंजन नसावे. तिथे प्रेक्षक नटाच्या जवळ होता.

हौशी संस्थांना हवी असते ती तीनशे-चारशे आसनांची, परवडणाऱ्या भाड्याची आणि रंगीत तालमीला आदल्या दिवशी मिळणारी जागा. राज्य नाट्य स्पर्धेच्या तयारीत एका सभागृहात आम्हाला विंगेत पडद्याची दोरी खिळ्याला गुंडाळून धरावी लागली होती आणि रंगभूषेच्या खोलीतील आरशावर एकच दिवा होता. लक्ष्मीनगरचे सायंटिफिक सभागृह किंवा सिव्हिल लाइन्समधील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह यांच्याविषयी लिहिताना लेखकाने भाड्याचे दर आणि नाटकांसाठी प्रत्यक्ष मिळणाऱ्या तारखा यांचीही नोंद केली असती, तर लेख अधिक उपयुक्त झाला असता.