जुनी कॉन्फिग फाइल म्हणजे तुमची सेटिंग्ज नव्हेत

"अपग्रेडआधी कॉन्फिग फाइल बाजूला काढा, नंतर नव्या फाइलवर टाका, सर्व्हिस चालू झाली की मायग्रेशन संपलं." सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमचे पर्याय जिच्यात लिहिलेले असतात ती कॉन्फिग फाइल; तिच्याबद्दलचा हा सल्ला सारखा फॉरवर्ड होत असतो. बाजूला काढा, इथपर्यंत ठीक आहे. पुढचं नाही.

"चुकलं तर सर्व्हिस चालूच होणार नाही, कळेलच." कधी कधी कळतं. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.५ आवृत्तीत 'चेकपॉइंट_सेगमेंट्स' हे सेटिंग गेलं आणि 'मॅक्स_वॉल_साइझ' आलं. जुनी ओळ राहिली, तर सर्व्हर उठतच नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या ८.० मध्ये 'क्वेरी_कॅश_साइझ' ठेवलं तरी तेच. या चुका मला आवडतात, कारण त्या ओरडतात.

न ओरडणारी चूक बघा. २०२१ च्या पोस्टग्रेस १४ मध्ये 'पासवर्ड_एन्क्रिप्शन'चं डिफॉल्ट, म्हणजे आपण काही लिहिलं नाही तर लागू होणारी किंमत, एमडी५ वरून स्क्रॅम झालं; दोन्ही पासवर्ड साठवण्याच्या पद्धती. जुन्या फाइलमध्ये एमडी५ ची ओळ चालू असेल, तर सर्व्हर निमूट उठतो आणि नवे पासवर्ड जुन्याच पद्धतीने साठवत राहतो. आता त्याच ओळीच्या सुरुवातीला # हे चिन्ह असेल तर? ती कॉमेंट, सर्व्हर ती वाचतच नाही, म्हणजे लागू झालं स्क्रॅम. पण फाइल उघडणाऱ्याला दिसतं एमडी५, आणि जुना क्लायंट का जोडला जात नाही हे शोधण्यात त्याची दुपार जाते. कॉमेंट केलेल्या ओळी जुन्या आवृत्तीचे डिफॉल्ट सांगत असतात, आणि आपण त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

"पॅकेज मॅनेजर विचारतो, 'जुनी ठेव' म्हणायचं." डेबियन लिनक्समध्ये तेच डिफॉल्ट उत्तर आहे. पण नवी फाइल 'डीपीकेजी-डिस्ट' शेपटी लावून शेजारीच पडून राहते. रेड हॅटकडे तिला 'आरपीएमन्यू' म्हणतात. कॉन्फिग फाइली जिथे असतात त्या इटीसी फोल्डरमध्ये एकदा अशा फाइली शोधून बघा, दोन-तीन वर्षांची धूळ सापडेल.

शेकडो ओळींच्या फाइलमध्ये आपण हात लावलेल्या ओळी असतात दहा-पंधरा. म्हणून जुन्या आवृत्तीची मूळ फाइल आणि आपली फाइल यांचा डिफ, म्हणजे ओळीगणिक फरक, काढायचा. तो फरक हीच आपली सेटिंग्ज. त्यातली एकेक ओळ नव्या फाइलमध्ये हाताने घालायची, आणि ती मुळात का घातली होती हे आठवत नसेल तर आधी ते शोधायचं.

"मग सगळं ड्रॉप-इन तुकड्यांत टाका, कटकट संपेल." म्हणजे मुख्य फाइलला हात न लावता आपल्या ओळी वेगळ्या छोट्या फाइलींत ठेवायच्या. कटकट बरीच कमी होते, पण तुकड्यांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा. लिनक्सवरच्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टमडीत नंतरची किंमत आधीचीवर मात करते. दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएचडीत पहिली सापडलेली टिकते. मी एकदा मुख्य फाइलच्या तळाशी पासवर्ड लॉगिन बंद केलं आणि निश्चिंत झोपलो. पण फाइलच्या वरच्या भागात इन्क्लूडच्या ओळीने आत ओढलेल्या तुकड्यात ते चालू होतं. सिंटॅक्स तपासणी अर्थातच पास. एसएसएचडी मोठ्या 'टी'च्या पर्यायाने चालवला, तेव्हा लागू सेटिंग्जच्या यादीत दिसलं: पासवर्ड ऑथेंटिकेशन, यस.