‘शुक्रवारी केस लावा, सोमवारी कामावर जा’: त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या चुलतभावाने एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, “दादा, लग्नाला दोन महिने आहेत. आत्ता करून घेऊ ना?” हा मेसेज मी आधीही तीन-चार ग्रुपांवर पाहिलेला. थोडक्यात तो असा:

“हेअर ट्रान्सप्लांट आता दाढी करण्याइतकं सोपं झालंय. शुक्रवारी करा, सोमवारी कामावर जा. दुखत नाही, व्रण राहत नाही. रोज तेल चोळा म्हणजे मुळं लवकर धरतात. तीन आठवड्यांनी लावलेले केस गळायला लागले तर समजा ऑपरेशन फसलं. नीट झालं असेल तर तीन महिन्यांत दाट केस. मग आयुष्यभर औषध नको. आणि मनासारखं नाही झालं तर पुन्हा करा, मागचे केस काही संपत नाहीत.”

मी दोन वर्षांपूर्वी हे करून घेतलंय. केस चांगले आले, निर्णयाचं दुःख नाही. पण तेव्हा माझ्याही डोक्यात असल्याच गोष्टी भरलेल्या होत्या, आणि त्यामुळे पाचव्या-सहाव्या आठवड्यात माझे जे हाल झाले ते भावाच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“शुक्रवारी करा, सोमवारी कामावर जा”

आधी डोक्यावर नेमकं काय केलं जातं ते बघा. एफयूई पद्धतीत डोक्याच्या मागच्या भागातून एक-एक ग्राफ्ट, म्हणजे एक ते चार केसांचा नैसर्गिक पुंजका, साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून लहान गोल पात्याने सोडवून काढतात. पुढे विरळ जागी बारीक चिरा पाडून त्यात तो बसवतात. दोन हजार ग्राफ्ट म्हणजे मागे दोन हजार जखमा आणि पुढे दोन हजार. प्रत्येक जखम इवलीशी, पण शरीराला त्या सगळ्या एकाच वेळी भरून काढायच्या असतात.

आता सोमवारचं बघा. शुक्रवारी शस्त्रक्रिया झाली तर सोमवार हा तिसरा दिवस. टाळूत टोचलेलं भुलेचं औषध आणि जखमांमुळे साचलेलं पाणी वरून खाली उतरतं. आधी कपाळ जड होतं, मग भुवया, मग डोळ्यांच्या पापण्या. ही सूज बहुतेकांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसात सर्वांत जास्त असते. मेसेज ज्या दिवशी कामावर जायला सांगतो, नेमका त्याच दिवशी माझा डावा डोळा अर्धा मिटलेला होता. सगळ्यांना इतकी सूज येत नाही, आणि साधारण आठवड्याभरात ती आपोआप उतरते. घरी बसून, बैठं काम असेल तर काहीजण तिसऱ्या दिवशी सुरूही करतात. पण डोक्यावर लाल ठिपके आणि खपल्या असतात, टोपी कधी घालायची हेसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. उन्हात, धुळीत, घाम गाळत किंवा हेल्मेट घालून ज्यांचं काम चालतं त्यांच्यासाठी “सोमवारी कामावर” हा सल्ला धोक्याचा आहे.

धोक्याचा का, तर ग्राफ्ट अजून रुजलेलं नसतं. बर्नस्टाइन आणि रासमन या डॉक्टरांनी २००६ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. लावलेला केस मुद्दाम ओढून कोणत्या दिवशी ग्राफ्ट निघून येतं, हे त्यांनी पाहिलं. पहिले दोन दिवस केस ओढला की ग्राफ्ट निघतच होतं. घट्ट चिकटलेली खपली ओढली तर पाचव्या दिवसापर्यंत तिच्याबरोबर ग्राफ्ट येत होतं. नवव्या दिवशी मात्र ओढूनही निघालं नाही. पहिल्या आठवडा-दहा दिवसांतल्या सगळ्या कंटाळवाण्या सूचनांचं मूळ इथे आहे. उशा रचून डोकं उंच ठेवून उताणं झोपायचं. डोक्यातून घालायचा टी-शर्ट नको, पुढून बटणं असलेला सदरा घालायचा. गाडीत बसताना दाराच्या वरच्या कडेला डोकं लागणार नाही हे बघायचं. खाजलं तरी नख लावायचं नाही, सांगितलेला सलाईनचा स्प्रे मारायचा. डोकं धुवायला कधी सुरुवात करायची हे डॉक्टर सांगतात. धुताना शॅम्पूचा फेस हलकेच टेकवायचा आणि पाणी मगाने ओतायचं, शॉवरची जोराची धार नको. खपल्या सात ते चौदा दिवसांत मऊ होऊन सुटतात. सुटतात, म्हणजे त्यांना सुटू द्यायचं. खपल्या पडल्या की ऑफिसात कुणाच्या फारसं लक्षात येत नाही. म्हणून सुट्टी किती असं मला कुणी विचारलं तर मी दहा दिवस म्हणतो. जड व्यायाम आणि पोहणं साधारण महिनाभर बंद.

आणि सिगारेट. मेसेजमध्ये तिचा उल्लेख नाही, पण तेलाऐवजी हीच ओळ असायला हवी होती. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या ग्राफ्टला रक्तच कमी मिळतं. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर काही आठवडे ती बंद, यात तडजोड नाही.

“रोज तेल चोळा म्हणजे मुळं लवकर धरतात”

अजिबात नाही. बसवलेलं ग्राफ्ट सुरुवातीला आजूबाजूच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवावर तग धरतं, मग काही दिवसांत बारीक रक्तवाहिन्या त्याला जोडल्या जातात. हे सगळं कातडीच्या आत घडतं. वरून चोळलेलं तेल तिथे पोषण पोचवत नाही. पहिल्या दिवसांत चोळणं म्हणजे वर सांगितलेलं ओढणंच, आणि उघड्या जखमांवर तेल लावलं तर जंतुसंसर्गाची भीती वेगळी. आपल्याला लहानपणापासून आई-आजीचा तेलाचा हात माहीत असतो, त्यामुळे हा सल्ला पटकन खरा वाटतो, हे मी समजू शकतो. पण डॉक्टर परवानगी देईपर्यंत तेलाची बाटली कपाटातच राहू द्या.

“केस गळायला लागले तर समजा ऑपरेशन फसलं”

या एका वाक्यासाठी मी हा सगळा खटाटोप करतोय.

लावलेले केस गळतात. जवळजवळ सगळ्यांचे गळतात. साधारण दुसऱ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत हे चालतं. कारण असं की, केसाचं मूळ एका जागेहून उपटून दुसरीकडे लावलं की त्याला धक्का बसतो आणि ते वाढ थांबवून विश्रांतीच्या अवस्थेत जातं. वर दिसणारा केस म्हणजे मेलेल्या पेशींची काडी, ती गळून पडते. मूळ कातडीखाली जिवंत राहतं आणि काही महिन्यांनी नवा केस धरतं.

मला हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. सांगितलं असेलही, त्या दिवशी हातात दिलेल्या चार पानांत कुठेतरी. तिसऱ्या आठवड्यात उशीवर केस दिसायला लागले. पाचव्या आठवड्यात पुढचा भाग शस्त्रक्रियेआधीपेक्षाही मोकळा दिसू लागला. मी बाथरूमच्या आरशावर टॉवेल टाकून ठेवला. रात्री दोन वाजता फोनच्या उजेडात डोक्याचे फोटो काढत बसायचो. बायकोने एकदा विचारलं, “डॉक्टरांना एक फोन का करत नाहीस?” मी केला नाही, कारण फसलंय हे ऐकायची तयारी नव्हती. तेव्हा हा मेसेज माझ्या हाती पडला असता तर माझी खात्रीच पटली असती. आज तो कुणाच्या तरी पाचव्या आठवड्यात त्याच्या हाती पडत असणार.

गळलेला केस आणि निघालेलं ग्राफ्ट यांतला फरक ओळखता येतो. गळलेल्या केसाच्या टोकाला कधीकधी बारीक पांढरा गोळा असतो. तो पाहून लोक घाबरतात, पण ते मूळ नव्हे, कुणाच्याही रोज गळणाऱ्या केसाला तो असतो. त्या जागी रक्त येत नाही. ग्राफ्ट निघतं ते सुरुवातीच्या दिवसांत, आणि तेव्हा त्या जागी बहुधा रक्ताचा थेंब दिसतो. दोन आठवडे उलटून गेल्यावर खपलीबरोबर केस आला तर ग्राफ्ट गेलं असं समजायचं कारण नाही.

काही वेळा शेजारचे जुने, स्वतःचे केसही गळतात. डॉक्टर त्याला शॉक लॉस म्हणतात. ते बहुतांशी परत येतात. जे आधीच बारीक होऊन जायच्या वाटेवर होते, त्यांतले काही परत येत नाहीत.

“तीन महिन्यांत दाट केस”

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात डोकं वर काढतात, तेही सगळे एकदम नाही. म्हणजे चौथ्या महिन्यात उगवलेला केस सहाव्या महिन्यात जेमतेम दोन सेंटिमीटरचा. सुरुवातीला तो बारीक, कधी कुरळा असतो, जाडी नंतर येते. सहाव्या महिन्यात लोकांच्या नजरेत भरेल इतकं दिसतं, बाराव्या महिन्यात खरा अंदाज येतो, आणि मागच्या भोवऱ्याला दीड वर्षसुद्धा लागतं. तीन महिन्यांचा फोटो हा बहुतेकांचा सर्वांत वाईट फोटो असतो. याच सुमारास नवे केस कातडी फोडून येताना बारीक पुटकुळ्याही येतात. त्या फोडायच्या नाहीत. वाढल्या तर डॉक्टरांना दाखवायच्या.

“दुखत नाही, व्रण राहत नाही”

शस्त्रक्रिया चालू असताना दुखत नाही, कारण जागा बधिर केलेली असते. पण बधिर करण्याची इंजेक्शनं दुखतात, आणि पहिल्या रात्री मागचा भाग ठणकतो. साध्या गोळीने भागतं. नंतर आठवडे, कधी काही महिने, टाळूचा काही भाग सुन्न राहतो किंवा मुंग्या येतात. हळूहळू संवेदना परतते. ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढत चालला, पू आला, ताप आला, लाली पसरली किंवा कातडीचा एखादा पट्टा काळपट पडला, तर वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

व्रण राहतात. पट्टी कापून काढायच्या एफयूटी पद्धतीत मागे एक रेघ राहते, एफयूईत पांढुरके ठिपके. केस वाढले की दोन्ही झाकले जातात. डोकं पूर्ण तासायची सवय असेल तर हे आधी माहीत हवं.

दाढीशी तुलना मात्र मला सर्वांत जास्त खटकते. भुलेच्या औषधाची मर्यादा वजनावर ठरते, ती ओलांडली तर हृदय आणि मेंदूवर परिणाम होऊ शकतो. हे काम प्रशिक्षित डॉक्टरचं आहे. चिरा कोण पाडणार, ग्राफ्ट कोण काढणार, डॉक्टर पूर्ण वेळ तिथे असतील का, हे तोंडावर विचारा. रक्त पातळ करणारं किंवा दुसरं कोणतंही औषध चालू असेल तर आधीच सांगा. ते स्वतःच्या मनाने बंदही करू नका.

“आयुष्यभर औषध नको”

यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते पसरतं. डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५९ साली मांडलं की मागून आणलेला केस नव्या जागीही मागच्या केसाच्याच स्वभावाने वागतो. टक्कल पडण्याला कारणीभूत असणाऱ्या डीएचटी या संप्रेरकाला तो फारसा बधत नाही. पण त्याच्या आजूबाजूला असलेले तुमचे मूळचे केस बधतात, आणि ते बारीक होत जाण्याची प्रक्रिया शस्त्रक्रियेने थांबत नाही. औषध घेतलं नाही तर काही वर्षांनी पुढे लावलेल्या केसांचं बेट आणि त्यामागे रिकामी जागा, असं होऊ शकतं. त्यासाठी फिनास्टेराइड आणि मिनॉक्सिडिल दिली जातात. फिनास्टेराइडने काही पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात, आणि गर्भवतीने तर ते घ्यायचंच नाही. त्यामुळे घ्यायचं की नाही हे डॉक्टरांशी बसून ठरवावं. मी घेतो. कुणी विचारपूर्वक न घेण्याचं ठरवलं तर तेही ठीक, पण “गरज नाही” असं समजून नको.

“पुन्हा करा, मागचे केस संपत नाहीत”

संपतात. काढलेल्या ग्राफ्टच्या जागी मागे नवा केस येत नाही. एफयूईत आजूबाजूचे केस ती जागा झाकतात, इतकंच. प्रमाणाबाहेर काढले की मागचं डोकं कुरतडल्यासारखं दिसतं, आणि त्यावर फारसा उपाय नाही. हा साठा आयुष्यभर पुरवायचा असतो. म्हणून पंचविशीतल्या मुलाची कपाळरेषा फार खाली आणणारा डॉक्टर त्याचं भलं करत नाही. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार वर्ष उलटल्यावर, कारण त्याआधी पहिलीचा निकालच लागलेला नसतो.

भावाला मी फोन करून एवढंच सांगितलं, की आत्ता केलंस तर लग्नाच्या दिवशी तू आठव्या आठवड्यात असशील, पुढचे केस गळलेले आणि कपाळाच्या वर लाली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तिने मला असंच बघून होकार दिलाय म्हणा.” लग्न झाल्यावर बघू, असं ठरलंय. तोवर गळती कशामुळे आहे हे तपासायला त्वचारोगतज्ज्ञांची गुरुवारची वेळ घेतली आहे. मीही बरोबर जाणार आहे.