बॉनेटखाली वॉशर, एक्झॉस्टला पट्टी: त्या फिरत्या यादीतलं खरं किती?

मार्च उजाडला की रिमॅप केलेल्या (इंजिनाच्या संगणकाचं प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवलेल्या) गाड्यांच्या ग्रुपांवर एक यादी फिरायला लागते: "बॉनेटच्या बिजागरीखाली वॉशर टाका, थर्मोस्टॅट काढा, कूलंटऐवजी नुसतं पाणी भरा, एक्झॉस्ट टोकापासून टोकापर्यंत गुंडाळा, मोठा इंटरकूलर आणि ओपन फिल्टर लावा, इंजिनाखालचा ट्रे काढा. इंजिन बे 30 अंशांनी थंड." हे 30 अंश कुठे मोजले, कोणत्या वेगाला, याचा पत्ता नाही.

यादीच्या लेखी उष्णता एकच. बॉनेटखाली मात्र तीन वेगळे प्रश्न असतात: कूलंटचं तापमान, इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, आणि टर्बोच्या धगीने भाजणारं आजूबाजूचं रबर-प्लास्टिक. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, कधीकधी उलटतं.

उदाहरणाला स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस घेऊ. 2017 ची 230 हॉर्सपॉवरची, 2020 ची 245 ची, दोन्हींत दोन लिटरचं ईए 888 इंजिन. स्टेज 2 रिमॅप आणि मोठा डाऊनपाइप (टर्बोतून निघणारा एक्झॉस्टचा पहिला पाइप) लावून त्या 300 च्या आसपास नेतात. या गाडीत टर्बो इंजिनाच्या मागे, फायरवॉलकडे (केबिनपुढच्या पत्र्याच्या भिंतीकडे) आहे. समोरून येणारी हवा तिथे पोचेपर्यंत गरम झालेली असते आणि जागाही अरुंद. हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

"बॉनेट वॉशरने मागून उचला, गरम हवा निघून जाईल." गाडी उभी असताना थोडी निघते, हे खरं. धावत्या गाडीत विंडशील्डच्या पायथ्याशी हवा अडते आणि तिथला दाब वाढतो. ताशी 100 किमीला वाऱ्याचा पूर्ण दाब साधारण 450 पास्कल, म्हणजे 45 मिमी पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. त्यातला काही वाटा या फटीवर येतो. हवा बाहेर पडण्याऐवजी आत शिरू शकते. रेडिएटरच्या मागचा दाब वाढला की त्यातून जाणारी हवा कमी होते, आणि हायवेवर कूलंट पूर्वीपेक्षा जास्त तापतं. 1969 च्या शेव्हरले कॅमॅरोला बॉनेटच्या याच मागच्या बाजूने इंजिनासाठी हवा घेण्याची सोय मिळत असे. तिथे दाब जास्त असतो म्हणूनच. शिवाय केबिनच्या ब्लोअरची हवा तिथूनच येते, त्यामुळे सिग्नलला गरम तेलाचा वास थेट आत.

व्हेंट, म्हणजे हवा बाहेर पडायला बॉनेटमध्ये कापलेली खिडकी, हवाच असेल तर तो रेडिएटरच्या मागे, बॉनेटच्या पुढच्या भागात लागतो, पण नेमकी जागा मोजून ठरवा. 6 मिमीची पारदर्शक नळी यू आकारात वाकवून फळीवर बांधा, रंगीत पाणी भरा. एक टोक बॉनेटखाली, दुसरं बॉनेटवर हव्या त्या जागी टेपने चिकटवा. वरच्या टोकाचं तोंड वाऱ्याकडे नको, नाहीतर वाऱ्याचा थेट धक्काच मोजला जातो. मोकळ्या रस्त्यावर स्थिर 80 ला शेजारच्याने आकडा वाचायचा. बाहेरच्या टोकाकडचं पाणी वर चढलं तर बाहेर दाब कमी आहे. तिथे कापलेला व्हेंट हवा ओढून काढेल. खाली उतरलं तर पत्रा कापू नका. कोकणातला पाऊस डोळ्यांपुढे ठेवून व्हेंटखाली पन्हळीचा ट्रे बसवा. इग्निशन कॉइलवर पाणी पडलं की मिसफायर (सिलिंडर नीट न पेटणं) ठरलेला.

"थर्मोस्टॅट काढा." या इंजिनात जुन्या पद्धतीचा सुटा मेणाचा थर्मोस्टॅट नाहीच. मोटरवर फिरणाऱ्या झडपांचं मॉड्यूल आहे आणि ते भारानुसार कूलंट साधारण 85 ते 107 अंशांत ठेवतं. ते निकामी केलंत तर डॅशवर फॉल्ट येईल, एवढंच. जुन्या इंजिनांतही थर्मोस्टॅट फक्त किमान तापमान ठरवतो. घाटात पूर्ण थ्रॉटलवर तो आधीच पूर्ण उघडलेला असतो, म्हणजे काढून मिळतं शून्य. उलट पहाटे हायवेला इंजिन थंड राहतं, पेट्रोल जास्त पडतं आणि ते सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं. कूलंट खरंच चढत असेल तर आधी इनटेक मॅनिफोल्डखाली टॉर्च मारा. या मॉड्यूलचं प्लास्टिक हाउसिंग गळणं हा ईए 888 चा जुना आजार आहे. वाळलेल्या कूलंटचा गुलाबी-जांभळा थर दिसला की निदान झालं.

"नुसतं पाणी भरा." यादीतला हा एकच दावा अर्धा खरा. एक किलो पाणी एका अंशाला 4.2 किलोज्यूल उष्णता घेतं, निम्मं-निम्मं मिश्रण साधारण 3.5. ट्रॅकवर पाणी वापरतात, पण ते गंजरोधक ॲडिटिव्ह घालून. शिवाय ग्लायकॉल सांडलं की ट्रॅक निसरडा होतो म्हणून अनेक आयोजक त्याला मनाई करतात. रोजच्या गाडीत ॲल्युमिनियमचं हेड आणि बोअरचं पाणी ही जोडी रेडिएटरच्या बारीक नळ्या क्षाराने बुजवते. 40 भाग जी 12 इव्हो (कंपनीचं कूलंट) आणि 60 भाग डीमिनरलाइज्ड पाणी ठेवा. झाकण दाब धरत नसेल तर ते आधी बदला: 1.4 बार जादा दाबाखाली साधं पाणीही 125 अंशांपर्यंत उकळत नाही, दाब गेला की पुण्यात 98 लाच उकळतं.

"एक्झॉस्ट गुंडाळा." इथे चूक महागात पडते. या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे आणि कूलंटने थंड होतो. गुंडाळायला बाहेर काही नाही. धग येते टर्बाइनच्या घरातून (एक्झॉस्ट वायूने फिरणाऱ्या टर्बोच्या चाकाच्या कवचातून) आणि डाऊनपाइपमधून. किरणांनी बाहेर पडणारी उष्णता केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते: 600 अंशांचं घर 900 ला गेलं की धग सव्वातीनपट. म्हणून टर्बाइनला उष्णतारोधक ब्लँकेट घालाच, पण फक्त टर्बाइनच्या घराला. मधल्या बेअरिंगच्या भागावर गेलं तर बेअरिंगचं तेल जळून काळा थर धरतं.

डाऊनपाइपला पट्टी घालायची तर पाइप स्टेनलेस हवा. पट्टीखाली धातू आणखी तापतो आणि पट्टी ओल धरून ठेवते. साधं लोखंड त्यात काही पावसाळ्यांत पापुद्रे सोडतं. 50 मिमी रुंदीची पट्टी, प्रत्येक वेढ्याला 6 मिमी चढ, टोकांना स्टीलचे क्लॅम्प. 76 मिमी व्यासाच्या एक मीटर पाइपला साधारण साडेपाच मीटर पट्टी लागते. फ्लेक्सी जॉइंट आणि ऑक्सिजन सेन्सर उघडे ठेवा. पहिल्या एकदोन वेळा धूर येतो, तो मोकळ्या जागी जाऊ द्या. पट्टीवर इंजिन ऑइल सांडलं तर ती पुसत बसू नका, बदला. तेल प्यायलेली पट्टी म्हणजे वात.

यादीत नसलेली गोष्ट याहून महत्त्वाची. मोठा डाऊनपाइप बसवताना उजव्या एक्सलच्या आतल्या जॉइंटवरची कंपनीची हीटशील्ड "बसत नाही" म्हणून गॅरेजातच राहते. मग बूट (जॉइंटवरचं लवचीक आवरण) कडक होऊन फाटतं, ग्रीस उडतं आणि दोष रिमॅपवर जातो. तो पत्रा वाकवून, कापून, नवा ब्रॅकेट वेल्ड करून, काहीही करून परत बसवा. पाइप आणि पत्र्यात 10 ते 12 मिमी हवेची फट ठेवा. चिकटला तर तो शील्ड न राहता तवा होतो. धग परतवणारी सोनेरी टेप गरम पाइपवर लावायची नसते. जे वाचवायचं त्यावर, म्हणजे इनटेकच्या नळीवर, वायरिंगवर लावा. ती फक्त किरणांची धग परतवते, भोवतालच्या गरम हवेपुढे तिचा उपयोग नाही.

मोठ्या इंटरकूलरने इंजिन बे थंड होत नाही, इंजिनात जाणारी हवा थंड होते. व्हीआरएसमध्ये तो एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधे बसतो, त्यामुळे जाड गाभ्याचा घेतलात तर रेडिएटरच्या वाट्याची हवा अडते. तो बसवताना सगळ्या कडा फोमच्या पट्टीने बंद करा. हवा मोकळ्या फटीतून निसटली की दोन्ही गाभे उपाशी. कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या या थरातल्या फटी बुजवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि तो यादीत नाही. ओपन फिल्टर बंदिस्त खोक्याशिवाय लावला तर तो बॉनेटखालचीच हवा ओढतो. 10 अंश गरम हवा म्हणजे घनता साधारण 3 टक्के कमी. खालचा ट्रे राहू द्या. तो हवेला वाट देतो आणि मुंबईच्या तुंबलेल्या रस्त्यावर पाणी इंजिनाच्या फिरत्या बेल्टपासून दूर ठेवतो.

मोजायला इन्फ्रारेड गन वापरणार असाल तर चकचकीत धातूवर ती खोटं कमी तापमान दाखवते. टर्बोवर उष्णतारोधक मॅट काळ्या रंगाचा ठिपका द्या आणि तिथेच मोजा. एक्सलच्या बूटजवळ व ब्रेक ऑइलच्या बाटलीवर गाठलेलं कमाल तापमान कायम दाखवणारे स्टिकर लावा. ब्रेक ऑइलकडे खास लक्ष: डॉट 4 मध्ये पाणी मुरलं की उकळबिंदूची मानकातली किमान मर्यादा 230 वरून 155 अंशांवर येते. बदल करण्याआधी आणि नंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने फेरी मारा आणि दोन्ही आकड्यांतून बाहेरचं तापमान वजा करून मगच तुलना करा.