नारळाला नारळच म्हणा

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांबेल. वाचा नाहीतर सोडा.

आमच्या सोसायटीचे वॉचमनमामा चौदा वर्षांनी चाललेत. निरोपाचा मेसेज मी लिहिला, ‘शाल आणि नारळ देऊन सत्कार’. सेक्रेटरीकाकांनी ग्रुपवर सगळ्यांदेखत दुरुस्ती केली: ‘श्रीफळ लिहा. नारळ दिला म्हणजे हाकललं असं वाटतं. आणि श्रीफळ शुद्ध शब्द आहे.’ खाली सोळा अंगठे!

शुद्ध? अहो, अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, श्रीफळ म्हणजे बेलफळ! नारळासाठी तिथे नारिकेल आहे, लांगली आहे. त्या नारिकेलाचाच प्राकृतातून झिजत झिजत आपला नारळ झाला, गुजरात्यांचं नाळियेर झालं, इराणात गेला तर नारगील. आणि नारिकेल तरी मुळात संस्कृत कुठे? बरेच भाषाभ्यासक तो द्राविडी भाषांतून आलेला मानतात. तमिळमध्ये नार म्हणजे तंतू. आमच्या नाशकात रामकुंडाजवळ पूजेचा नारळ घेताना शेंडी धरताच ना? तीच ती नार. बरं, आज मराठीत श्रीफळ म्हणजे नारळच, मान्य. पण म्हणून नारळ अशुद्ध?

मी चौथीत होतो. बाबा सातपूरला एका कंपनीत होते, तिथून त्यांना कमी केलं. शेजारच्या काकू आईला हळूच म्हणाल्या, ‘नारळ दिला म्हणे भाऊजींना.’ मला काय कळतंय! मी खवणीची विळी काढून वाट बघत बसलो. आज वड्या.

निघालेल्या माणसाच्या हातावर शकुनाचा नारळ ठेवायची आपली रीत. पुढे ‘या आता’ हेही आपण त्याच नारळाने सांगायला लागलो. यात नारळाचा काय दोष?

बाबा आले ते रिकाम्या हाताने. मी विचारलं, ‘नारळ कुठंय?’ आईने डोळे वटारले. बाबा जरा वेळ दारातच उभे राहिले, मग चपला परत घातल्या, सायकल काढली आणि रविवार कारंज्यावर गेले. येताना नारळ आणला. माझ्या कानाशी हलवून दाखवला, पाणी आहे बघ म्हणून.

खरं सांगू, काकांवर एवढा राग नाहीये. मामा काही आपणहून चाललेले नाहीत. एजन्सीचा माणूस स्वस्त पडतो, गेटवर कॅमेरे बसलेत. मेंटेनन्स थकलाय, हेही खोटं नाही. पण मग ‘हाकललं असं वाटतं’ यातलं ‘वाटतं’ कशाला? हाकललंच आहे की! ज्या मीटिंगमध्ये ठरलं तिथे मीही होतो. चहा प्यायलो, सही केली, घरी आलो.

त्या दिवशी बाबांनी नारळ स्वतः सोलला, ओट्याच्या कडेवर फोडला, पाणी मला दिलं. आईने वड्या थापल्या. त्यांनी मात्र एकही खाल्ली नाही, हे मला फार उशिरा आठवलं.

काका, मेसेजमध्ये नारळच राहील. रविवारी तो मी आणतो, आणि मामांच्या हातातही मीच देतो.